मोडलं तर पुढच्या जेवणापासून

नागपुरातल्या महालमधून एका ताईंनी लिहिलंय: वय 47, बीपी 152/96, गोळी सुरू आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. काही दिवस अळणी जेवल्या, मग एका रविवारी सगळ्यांसोबत तर्री-पोहे खाल्ले आणि 'आता मोडलंच' म्हणून लोणचं-पापड पुन्हा सुरू. सासूबाई म्हणतात, "तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही." आता ताईंनाही तसंच वाटतं.

ताई, घरच्यांसाठी झणझणीत रस्सा करायचा आणि आपण बाजूला बसून अळणी गिळायचं, हे कुणाच्याच्यानं फार दिवस होत नाही. त्यावरून स्वतःला कमकुवत ठरवू नका. आणि त्या एका प्लेटनं फारसं बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते नंतरच्या आठवड्यानं.

वेगळं ताट बंद करा. सगळ्यांच्याच भाजीतलं मीठ दर आठवड्याला चिमूटभर कमी करत जा, काही आठवड्यांत जीभ सरावते. वरणावर लिंबू पिळा, सांबार (कोथिंबीर) सढळ हातानं घाला, फोडणीत लसूण वाढवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि लोणचं, शेव, फरसाण त्यातच धरायचं. पापडात तर मिठासोबत पापडखारही असतो, त्यातही सोडियम. सैंधवानं सुटका होत नाही, तेही मीठच. 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका: त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते रक्तात वाढू शकतं.

रविवारी पोहे जरूर खा. तर्री वेगळ्या वाटीत मागा, दोन चमचे घ्या, शेव नको म्हणा. कधी पूर्ण प्लेट संपलीच, तर संध्याकाळच्या जेवणापासून पुन्हा सुरू. सोमवारची वाट पाहायची नाही. पापडाशिवाय झालेल्या प्रत्येक जेवणाची कॅलेंडरवर खूण करा. 'माझ्यानं होत नाही' असं मनात आलं की त्या खुणा बघा. आत्मविश्वास असाच येतो, आधी मिळवून मग सुरुवात करायची नसते.

सासूबाईंशी वाद घालू नका. पुढच्या वेळी दवाखान्यात त्यांनाही सोबत न्या आणि त्यांचंही बीपी मोजून घ्या. तुमची गोळी मात्र रोज, बरं वाटलं तरी.