आमच्या देवरुखजवळच्या देवराईत रानपिंगळा असेल का? आणि नामशेष समजलेला पक्षी शोधतात तरी कसा?

देवराईत नसणार. रानपिंगळ्याला, म्हणजे एकेकाळी नामशेष समजलेल्या या लहान घुबडाला, कोरडं, पानगळीचं, बहुतेक सागाचं जंगल लागतं. खाली झाडोरा कमी हवा, फांदीवर बसून जमिनीवरचा सरडा दिसला पाहिजे. तुमची देवराई म्हणजे गच्च सावली, वेली आणि ओल. तिथं दिसणारं लहान घुबड बहुतेक जंगली पिंगळा असतं, अंगभर बारीक आडव्या रेषांचं. वाडीतल्या आंब्यावर असेल तर साधा ठिपकेवाला पिंगळा. नावांचाही घोळ आहे, काही जण जंगली पिंगळ्यालाच रानपिंगळा म्हणतात. कोकणात शोधायचाच असेल तर वर ठाणे-पालघरकडे सरका. तानसा अभयारण्यात 2014 मध्ये तो सापडला.

आता दुसरा प्रश्न, ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो. लोकांना वाटतं शोध जंगलात सुरू होतो. तो संग्रहालयाच्या खणात सुरू होतो, भरून ठेवलेल्या मेलेल्या पक्ष्याच्या, म्हणजे नमुन्याच्या, पायाला बांधलेल्या चिठ्ठीपासून. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ह्यूमने 1873 मध्ये वर्णन केलेल्या या पक्ष्याचे जगभरातल्या संग्रहालयांत मिळून सातच नमुने होते. शेवटचा खरा नमुना 1884 चा, डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात मिळवलेला. पण मेनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाच्या नावावर 1914 चा एक नमुना होता आणि चिठ्ठीवर गुजरातेतलं मांडवी. त्या एका चिठ्ठीपायी शोधणारे मांडवीच्या बाजूला फिरत राहिले. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा कळलं की तो चोरलेला होता. मूळ डेव्हिडसनचाच, उसवून पुन्हा भरलेला आणि चिठ्ठी बदललेला. खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर उरलेल्या खऱ्या ठिकाणांवर जाणं एवढंच काम होतं. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना खानदेशातल्या शहाद्याजवळ तो दिसला. 113 वर्षांनी, सकाळच्या उजेडात, निष्पर्ण झाडावर.

सकाळच्या उजेडात हे लक्षात ठेवा. हा पक्षी दिवसा वावरतो, रात्री बॅटरी घेऊन फिरून उपयोग नाही. साधारण साडेसहा ते दहा, झाडांची पानं गळलेली असताना. ओळख पाठीमागून डोक्यावरून आणि पुढून छाती-पोटावरून करा: माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छातीवर गडद तपकिरी, बराचसा सलग पट्टा, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पायांवर बोटांपर्यंत दाट पांढरी पिसं. नुसत्या समोरच्या चेहऱ्याचा मोबाइल फोटो घेऊन कुणी माझ्याकडे येऊ नये.

कॅमेरा ट्रॅप इथं फारसा कामाचा नाही. तो बिबट्यासाठी ठीक, झाडाच्या शेंड्यावर बसणाऱ्या पक्ष्यापुढे तो काय टिपणार? ध्वनिमुद्रक टांगा. मुद्रणाचा वेग (सेकंदाला आवाज किती वेळा टिपायचा तो) 16 किलोहर्ट्झवर लावला तर तासाला सुमारे 115 एमबी भरतात आणि पिंगळ्यांच्या आवाजाला तेवढं पुरतं. 48 वर ठेवलात तर तिप्पट जागा जाते आणि हाती जास्त काही लागत नाही. खोडाला खारा वारा लागणार नाही अशा बाजूला बांधा, पिशवीत सिलिका जेल टाका आणि माइकच्या भोकासमोर प्लास्टिक येऊ देऊ नका. मुंग्या आत घर करतात, तेव्हा आठवड्याला उघडून बघा. एप्रिल-मेमध्ये रातकिडे (दिवसा ओरडणारे हो) सगळं झाकून टाकतात.

आणि ध्वनिक्षेपकावर रानपिंगळ्याचा मुद्रित आवाज वाजवून उत्तर येतं का ते पाहायचं. इथंच माझं जुनं दुखणं आहे. जव्हारकडच्या एका पाहणीत दोन तुकड्या डोंगराच्या दोन अंगांना होत्या. दर 500 मीटरवर थांबा, आधी पाच मिनिटं नुसतं ऐकायचं, मग एक मिनिट वाजवायचं, पाच मिनिटं थांबायचं. आमच्या तुकडीला पलीकडून उत्तर आलं. प्रमुखांचा चेहरा उजळला, तक्त्यात लिहिलं: 'आवाज, 1 पक्षी.' बरोबरचा वारली वाटाड्या म्हणाला, "साहेब, तो भोंगा हाय. पाखरू इतकं घड्याळ लावून ओरडत नाय." संध्याकाळी दोन्ही तुकड्यांच्या वेळा मी जुळवल्या. दुसऱ्यांचा ध्वनिक्षेपक 7 वाजून 42 मिनिटांनी वाजला होता, आमचा पक्षीही त्याच मिनिटाला बोलला होता. नोंद खोडा म्हटलं तर उत्तर मिळालं, "असूही शकतो, राहू दे, शंका म्हणून." शंका म्हणून ठेवलेली नोंद पुढच्या माणसाच्या नकाशावर ठिपका होते. मांडवीला दुसरं काय झालं होतं? तिथं चोरी होती, इथं आळस, एवढाच फरक. भांगराज पक्षीही दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल करून फसवतो, पण त्याला निदान माफी आहे.

म्हणून तक्त्यात हे रकाने हवेतच: ध्वनिक्षेपक कधी सुरू, कधी बंद, दुसरी तुकडी कुठे, ऐकलं की पाहिलं, ऐकलं तर मुद्रण आहे का. मुद्रण नसेल तर ती नोंद नाही, अफवा आहे.

न दिसण्याचीही नोंद करा, मात्र किती वेळ शोधलं ते लिहून. हिशोब साधा आहे. पक्षी तिथं असताना एका फेरीत सापडण्याची शक्यता 30 टक्के धरली, तर पाच फेऱ्यांनंतरही तो निसटलेला असण्याची शक्यता सुमारे 17 टक्के उरते. दहा फेऱ्यांनंतर ती 3 टक्क्यांच्या खाली येते. दोन रविवार फिरून 'आमच्याकडे नाही' म्हणणारे आणि एकदा भोंगा ऐकून 'आहे' म्हणणारे, दोघं सारखेच.

हे आधी सांगायला हवं होतं: अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय आवाज वाजवू नका. हा पक्षी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मे, वारंवार वाजवलं तर जोडी घरटं सोडून तुमच्या डब्याशी भांडत बसते. नेमकी याच दिवसांत ती जास्त बोलते, म्हणून एका थांब्यावर एकदाच वाजवा, उत्तर आलं की लगेच बंद.

तुमच्या देवराईतल्या घुबडाचा पाठीमागून फोटो मिळाला तर इथं टाका. माथ्यावर पांढरे ठिपके किंवा बारीक आडव्या रेषा भरपूर असतील तर तो रानपिंगळा नाही, हे उत्तर तुम्हीच देऊ शकाल.