पाच विषय आणि एक मांजर

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे आणि तिला आम्ही घरीच शिकवतो. दर आठवड्याला एक चित्रपुस्तक घ्यायचं, ते रोज वाचायचं आणि त्यातूनच भाषा, गणित, विज्ञान, भूगोल, चित्रकला सगळं करायचं, अशी माझी योजना. मागच्या आठवड्यात खिडकीच्या काचेवरून घसरणारे पावसाचे थेंब पंजाने पकडू पाहणाऱ्या मांजराचं पुस्तक घेतलं. सोमवारी जलचक्राचा तक्ता केला, मंगळवारी वाघ-सिंह-चित्ता ही मांजराची नातेवाईक मंडळी, बुधवारी थेंबांच्या चित्रात बेरजा. गुरुवारी पुस्तक सापडेना. शेवटी सोफ्याच्या गादीखाली निघालं. "तू गोष्ट वाचत नाहीस, नुसते प्रश्न विचारतेस," म्हणाली. तिला पुस्तकंच नकोशी होतील का? ही पद्धत बंद करू का?

उत्तर : पद्धत बंद करू नका. आणि लेकीचं कौतुक करा. इतक्या नेमक्या शब्दांत तक्रार मांडणाऱ्या मुलीचा त्या आठवड्याचा भाषेचा पाठ झाला, असं खुशाल वहीत लिहा. पुस्तकं नकोशी होण्याची भीतीही सोडा. नकोसं पुस्तक मुलं जिथल्या तिथे टाकून जातात. लपवलं, म्हणजे तिने ते तुमच्यापासून वाचवलं.

आता तुमची योजना. जलचक्राचा तक्ता चांगलाच असतो, पण त्या पुस्तकात समुद्र नाही, नदी नाही, वाफही नाही. एक मांजर, एक खिडकी आणि बाहेर पाऊस. चित्ता तर तिकडे फिरकतही नाही. मी बालवाडीत शिकवत होते तेव्हा आठवड्याचं नियोजन तपासताना एकच प्रश्न विचारायचे : हे पुस्तक न वाचता हा उपक्रम जसाच्या तसा करता आला असता का? आला असता, तर या आठवड्यात त्याला जागा नाही. या कसोटीला तुमचा एकही दिवस उतरत नाही.

मग उरतं काय? उरते ती काच आणि तिच्यावरचे थेंब. हातात धरायचा एक आरसा घ्या, एक ड्रॉपर आणि वाटीभर पाणी. आरसा आडवा ठेवून तिला त्यावर एक मोठा थेंब टाकू दे आणि आरसा ज्या बाजूला कलता करणार त्या बाजूला, थोड्या अंतरावर, एक बारका. आता विचारा, आधी कोण पळणार? ती काही म्हणेपर्यंत आरशाला हात लावू नका. मग तो हळूहळू कलता करा. मोठा थेंब आधी सुटतो, वाटेतल्या बारक्याला पोटात घेतो, आणखी जड होतो आणि वेग घेतो. हे गिळणं मुलांना भारी आवडतं. तेच पुन्हा पुन्हा करावं लागेल, तेवढा वेळ काढून बसा. नंतर आरशाच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासा. तिकडे थेंब पसरत नाही, गोल फुगून बसतो.

असं का होतं ते तुम्हाला सांगते, तिला लगेच सांगायची घाई नको. काच थेंबाला धरून ठेवते ती त्याच्या कडेशी. थेंब मोठा होतो तेव्हा कडेच्या मानाने त्याचं वजन फार झपाट्याने वाढतं. पकड कमी पडली की थेंब निघाला. आणि पाणी मेणाला चिकटायला फारसं राजी नसतं, म्हणून तिथे ते आपल्याआपल्यातच गोळा होतं.

त्याच मेणाचं दुसऱ्या दिवशी चित्र. पांढऱ्या मेणाच्या खडूने कोऱ्या कागदावर पावसाच्या रेघा ओढायच्या आणि वरून पातळ निळा जलरंग फिरवायचा. रेघा का उमटल्या, हे कदाचित तीच तुम्हाला सांगेल. गणित हवं असेल तर कोणता थेंब जिंकणार याचे तिचे अंदाज, बरोबर आणि चूक अशा दोन रकान्यांत खुणा करून मांडा. बरोबर किती, चूक किती, कोणते जास्त आणि कितीने? हा हिशेब तिच्या हार-जितीचा आहे, तो ती करते. भूगोल? या आठवड्यात नाही. प्रत्येक पुस्तकातून पाचही विषय निघालेच पाहिजेत असं तुम्हाला सांगितलं कोणी?

एकच पुस्तक सलग पाच दिवस वाचायचं आणि रोज एका विषयाकडे वळायचं, ही रीत अमेरिकेत होमस्कूलिंग करणाऱ्या घरांमध्ये रुळलेली आहे. तुमचा आराखडा बहुधा तिथूनच फिरत फिरत आला असावा. माझ्या मते त्यातला जीव रोजच्या नव्या विषयात नाही, पुन्हा पुन्हा तेच पुस्तक वाचण्यात आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ चा एक अभ्यास आहे. तीन वर्षांच्या काही मुलांना त्याच त्या गोष्टी वाचून दाखवल्या, काहींना दर वेळी वेगळ्या. नवे शब्द दोघांच्याही कानांवर सारख्याच वेळा पडतील अशी काळजी घेतली होती. तरीही तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांनी ते शब्द जास्त चांगले पकडले.

तेव्हा पहिलं वाचन निव्वळ वाचन. मधे थांबणं नाही, बोट दाखवणं नाही, आवाज "शिकवण्याचा" होऊ द्यायचा नाही. (तो होतो. मुलांना लगेच कळतं.) दुसऱ्या-तिसऱ्या वाचनापासून एखादा प्रश्न चालेल, पण कोणता, ते महत्त्वाचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दोनेक वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं होतं, की मोकळी उत्तरं येतील असे प्रश्न विचारा आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते त्याला परत ऐकवा. महिनाभरात त्या मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. "किती थेंब आहेत?" हा परीक्षेचा प्रश्न झाला, कारण उत्तर तुम्हाला ठाऊक आहे हे तिला ठाऊक आहे. "याचा पंजा ओला का नाही झाला गं?" असं विचारून बघा. ती म्हणेल, "मधे काच." तुम्ही म्हणा, "हो की, मधे काच आहे, थेंब बाहेर आणि पंजा आत." आणि पान उलटा.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा. आम्हीही पुस्तकांवरूनच शिकवतो. त्याला गोष्टी तोंडपाठ आहेत, पण वाचता येत नाही आणि गणितही विस्कळीत वाटतं. वेगळा अभ्यास घ्यायला हवा का?

उत्तर : हवा. गोष्टीचं पुस्तक शब्द निवडतं ते गोष्टीसाठी. तुमच्या मुलाची वेलांटी अजून पक्की नाही, हे पुस्तकाला काय माहीत? पहिल्याच पानावर "विस्तीर्ण" येऊ शकतं. अक्षरं, काना-मात्रा-वेलांट्या, मग जोडाक्षरं हा क्रम स्वतंत्रपणे आणि रोज थोडा वेळच, पण न चुकता घ्यावा लागतो. गणिताचंही तेच. दशक-एकक कळलेलं नसताना हातच्याची बेरीज येत नाही, आणि कुठलंही चित्रपुस्तक तो क्रम पाळायला बांधलेलं नाही.

फक्त दोन्हींची कालवाकालव करू नका. सरावाच्या वेळी सराव. गोष्टीच्या वेळी तुम्ही वाचायचं आणि त्याने ऐकायचं, मधेच "हे अक्षर कोणतं?" नको. या वयात मुलांना स्वतः वाचता येतं त्याच्या कितीतरी पुढचं ऐकून कळतं. ती पुढची भाषा त्याला गोष्टीतूनच मिळणार आहे. गोष्टी तोंडपाठ असणं मात्र मोठं भांडवल आहे. मात्रा पक्क्या झाल्या की त्याच पुस्तकांतल्या पाठ असलेल्या ओळींवर त्याला बोट फिरवू द्या.

प्रश्न : नातवाला दिवसभर मी सांभाळते आणि शिकवतेही. चित्रपुस्तकं ढिगाने दिसतात. निवडताना पाहायचं काय?

उत्तर : आजी, आधी मजकूर हाताने झाकून नुसती चित्रं पाहत जा. मग चित्रं झाकून नुसता मजकूर वाचा. दोन्ही वेळा गोष्ट सारखीच पूर्ण वाटली, तर ते पुस्तक ठेवून द्या. १६५८ मध्ये जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं "ऑर्बिस पिक्टस" छापलं गेलं. त्यात चित्रातल्या वस्तूंना आकडे होते आणि शेजारच्या मजकुरात तेच आकडे घालून त्यांची नावं. पाठ्यपुस्तक म्हणून ते बरोबरच होतं. तुम्हाला हवं आहे त्याच्या उलट. मजकूर म्हणतो "घरात कोणीच नव्हतं" आणि चित्रात पडद्याखाली दोन पाय दिसतात, अशी पुस्तकं शोधा. नातू ते पाय तुमच्या आधी पाहील.

ही पुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात, कारण मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालायच्या तर आठ-सोळाच्या पटीतली पानं सोयीची पडतात. इतक्या मोजक्या जागेत चांगला चित्रकार काही वाया घालवत नाही. कव्हरला आतून चिकटवलेली पानंही बघा. सुरुवातीला आणि शेवटी तिथे वेगवेगळी चित्रं असतील, तर मधे काय काय घडलं म्हणून ती बदलली, ते नातवाला विचारा. आणि शेवटच्या पानावर "या गोष्टीवरून तू काय शिकलास?" असं छापलेलं असेल, तर तेवढं पान क्लिप लावून बंद करा आणि बाकीचं पुस्तक मजेत वाचा.