वाचकांचे प्रश्न : १पी/१९क्यू गळालं, म्हणजे काय झालं?

प्रश्न : धाकट्या भावाची मेंदूतली गाठ काढली. रिपोर्टात ‘ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा, ग्रेड २, आयडीएच म्युटेशन, १पी/१९क्यू को-डिलिशन’ आहे. गुणसूत्रच गळालंय, मग गाठ जोरात वाढणार का? त्याच्या मुलींना धोका आहे? मुंबईत पुन्हा तपासायला काय न्यायचं? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : या गाठीची ओळखच त्या गळतीवर ठरते. गुणसूत्र १ आणि १९ मध्याजवळ तुटून एकमेकांना जोडली जातात. त्यातलं १ ची आखूड भुजा (१पी) आणि १९ ची लांब भुजा (१९क्यू) असलेलं जोडगुणसूत्र पेशीतून हरवतं. १९क्यूवरच्या सीआयसी जनुकाची मग एकच प्रत उरते. तीही बिघडली की वाढीचा लगाम सैल होतो. तरीही ही गाठ तुलनेने सावकाश वाढते, रेडिएशन आणि केमोला चांगली दाद देते. पण अनेक वर्षांनंतरही ती परतू शकते, एमआरआयची तारीख चुकवू नका.

ग्लिओब्लास्टोमात, म्हणजे मेंदूच्या फार वेगाने वाढणाऱ्या गाठीत, चित्र उलटं असतं. तिथे बहुतेकदा गुणसूत्र ७ जास्तीचं असतं, १० हरवलेलं. ७ वर वाढीला रेटणारं ईजीएफआर जनुक, १० वर तिला आवरणारं पीटेन जनुक. आयडीएच जनुकात बदल (म्युटेशन) नसलेल्या, मोठ्या माणसाच्या अ‍ॅस्ट्रोसायटिक (ताऱ्यासारख्या आधारपेशींच्या) गाठीत ही जोडी दिसली, तर सूक्ष्मदर्शकाखाली ती सौम्य वाटली तरी २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानुसार ग्रेड ४, म्हणजे सर्वांत गंभीर, धरतात.

खरी गफलत फिश चाचणीत होते; तीत गुणसूत्रावरच्या ठरावीक जागेला चमकणारी खूण लावून पाहतात. निरोगी पेशीत तपासायच्या जागेचे दोन ठिपके चमकतात, गळती असेल तर एकच. पण ही चाचणी भुजेवरची एक छोटी जागाच पाहते. तेवढाच तुकडा गेला असला तरी उत्तर ‘डिलिशन’ येतं, आणि तसे तुकडे ग्लिओब्लास्टोमातही गळतात. म्हणून दोन्ही भुजा पूर्ण गेल्यात का आणि एटीआरएक्स हे जनुक शाबूत आहे का, हे डॉक्टरांना विचाराच.

मुलींची काळजी नको. ही गळती फक्त गाठीच्या पेशींत घडते, पुढच्या पिढीत जात नाही.

मुंबईला नुसत्या स्लाइड नेऊ नका, गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉकही न्या, शिवाय शस्त्रक्रियेची नोंद आणि एमआरआयची सीडी. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवले तर मेण मऊ पडतं. हातपिशवीत, सावलीत ठेवा. घेतानाच प्रत्येक ब्लॉकचा क्रमांक रिपोर्टाशी जुळवा आणि ज्यात गाठ सर्वांत जास्त आहे, त्यावर पॅथॉलॉजिस्टकडून खूण करून घ्या.