गोराईच्या वाळूत पहिली वाडी करताना

बियाणं आणायच्या आधी फावडं घ्या आणि दोन-अडीच फूट खोल खड्डा खणा. एक बाजू सरळ तासली की थर दिसतात. वर वीतभर करडा-काळपट थर, त्यात मुळं नि कुजलेला पाला. खाली फिकी, मोकळी वाळू, मध्येच शिंपल्यांचे तुकडे. तुमचं पीक मुख्यतः त्या वीतभर थरावर जगणार आहे. खोल खणून तो खालच्या वाळूत मिसळू नका. नवी माणसं हमखास इथेच चुकतात.

वाळूचे कण मोठे, ०.०५ ते २ मिलिमीटरचे. म्हणून पाणी झरझर खाली जातं आणि जाताना खतही नेतं. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- पाणी थोडं थोडं, पण वरचेवर. वाफा तुडुंब भरलात तर बरंचसं वाया.
- युरिया एकदम नको, हप्त्याहप्त्याने. पावसाच्या झडीत तर नकोच.
- चांगलं कुजलेलं शेणखत दरवर्षी. इथल्या उष्ण, दमट हवेत ते लवकर संपतं. वर झावळ्या अंथरा.

विहिरीला मात्र जपा. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. एप्रिल-मेमध्ये पंप तासन्‌तास चालवलात की खारं वर ओढलं जातं. पानांच्या कडा करपायला लागल्या तर आधी विहिरीचं पाणी तपासून घ्या, खत वाढवू नका.

बाकीचं पुढे बघू. पहिल्या हंगामात माठ आणि मुळा लावा. मोकळ्या वाळूत मुळा सरळ पोसतो, बिनधास्त पेरा.