माईक कुलपातून बाहेर काढा

पत्र थोडक्यात: मुलगा बारावी पीसीएम (भौतिक, रसायन, गणित), ७८ टक्के. त्याच वर्षी इंजिनिअरिंगची जेईई दिली, जमली नाही. एक वर्ष ड्रॉप घेतला, यंदा ८१ पर्सेंटाइल. आता दुसऱ्या ड्रॉपसाठी कोचिंगचे पैसे भरायचे आहेत. पण चिरंजीव आजीच्या पदार्थांचे व्हिडिओ बनवतात आणि त्यावर स्वतःच्या आवाजात बोलतात. रात्री अकरानंतर रजयांच्या कपाटात तोंड घालून बडबड चालते. म्हणे व्हॉइस ओव्हरमध्ये करिअर करायचंय. आवाज मुळात पातळ. वीस दिवसांपूर्वी माईक कुलपात ठेवला. तेव्हापासून घरात शांतता आहे. जेवतानाही बोलत नाही, मुकाट अभ्यासाला बसतो. त्याला दोन शब्द समजावून सांगा. सोबत एका व्हिडिओची लिंक.
– एक वडील, सुदामानगर, इंदूर

नमस्कार.

टक्के आणि पर्सेंटाइल नंतर बघू. मी अडकले ती तुमच्या शेवटच्या ओळींपाशी. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा वीस दिवस घरात बोलत नाही आणि तुम्ही ते जमेच्या बाजूला लिहिलंय. जो मुलगा कालपर्यंत आजीच्या कढईबद्दल कसं सांगावं याचे शब्द शोधत बसायचा, त्याला आता ताटावर बसून ‘वरण वाढ’ म्हणावंसंही वाटत नाही. हा अभ्यास नाही हो. पुस्तक उघडं दिसतंय, एवढंच तुम्हाला दिसतंय.

म्हणून पहिलं काम तुमचं, त्याचं नाही. आज रात्री त्याच्या शेजारी जाऊन बसा. जेईईचा विषय काढू नका, माझ्या उत्तराचाही नको. तो नीट झोपतो का, पोटभर जेवतो का, मित्रांचे फोन उचलतो का, हे बघा. काही बिनसलेलं वाटलं तर डॉक्टरांकडे न्यायला लाजू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो. त्यावर तुम्ही स्वतः बोललात तरी चालेल. आणि माईक उद्या सकाळी त्याच्या हातात द्या. ‘अभ्यास केलास तर’ अशी अट न घालता.

कपाटात तोंड घालून बोलणं तुम्हाला वेडेपणा वाटतो, पण तो वेडेपणा नाही. उघड्या भिंतींवर, फरशीवर आवाज आपटून परत येतो आणि रेकॉर्डिंग मोरीत बसून केल्यासारखं ऐकू येतं. रजया तो घुमारा शोषून घेतात. रात्री अकरानंतर रस्त्यावरची रहदारी कमी होते, पंखा बंद ठेवता येतो. स्टुडिओ परवडत नसलेली माणसं जगभर हेच करतात. तुमच्या मुलाला हे कोणी शिकवलं नसेल तर त्यानं स्वतःच्या कानानं शोधून काढलंय, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

आता पातळ आवाजाचं. हा गैरसमज मी दर महिन्याला ऐकते, तेव्हा जरा सविस्तर सांगते. निवेदनाला भारदस्त, घुमणारा आवाज लागतो हे डोक्यातून काढून टाका. घरगुती व्हिडिओ लोक मोबाईलवर बघतात, आणि मोबाईलचा इवलासा स्पीकर खर्जातले सूर वाजवूच शकत नाही. ज्या भारदस्तपणाचं आपल्याला कौतुक, तो तिथे अर्धाअधिक गळून जातो. उरते ती शब्दांची स्पष्टता. ती बरीचशी व्यंजनांवर, म्हणजे साधारण २००० ते ४००० हर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या आवाजावर अवलंबून असते, आणि तुमच्या मुलाची व्यंजनं लख्ख आहेत. तो माईकच्या अगदी समोर तोंड धरत नाही, किंचित तिरका बोलतो, म्हणून ‘फ’ आणि ‘भ’ला हवेचा फटका बसत नाही. आपल्याच इंदूरचे सुशील दोशी हिंदी क्रिकेट समालोचनासाठी २०१६ साली पद्मश्री झाले. रेडिओवर त्यांना ऐकलं असेल तर आठवून बघा, आवाजाचं वजन आठवतं की डोळ्यांपुढे उभं राहिलेलं मैदान?

तरीही, मुलाला आवडणार नाही असं एक बोलते. फक्त व्हॉइस ओव्हरवर पोट भरायचा बेत मी त्याला करू देणार नाही. काम सुटं मिळतं, पैसे उशिरा येतात, आणि साध्यासुध्या निवेदनासाठी मशीनचा आवाज आता जवळजवळ फुकट मिळतो. त्यात वर्षानुवर्षं टिकणारे थोडे.

पण मी त्याचा अनारशांचा व्हिडिओ तीनदा ऐकला, तिसऱ्यांदा डोळे मिटून. आजी पीठ बोटानं दाबून बघतात, पुरीएवढा अनारसा थापतात, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडतात. तिथे हा पोरगा बोलायचा थांबतो. चार-पाच सेकंद नुसतं तूप ऐकू येतं, आधी जोरात, मग बारीक होत जाणारं. मग आजींच्या बांगड्या वाजतात, आणि तेव्हा कुठे हा पुढचं वाक्य म्हणतो. कुठे बोलायचं नाही हे ज्याला कळतं, त्याचा कान ध्वनीचा आहे. त्याची वाट माईकसमोर बोलण्यापेक्षा माईकमागे बसण्याची आहे असं मला वाटतं: ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंकल्पन, म्हणजे चित्रपटातले आवाज टिपणं आणि रचणं.

आणि इथे त्याचं पीसीएम कामी येतं. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत आणि कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेत या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं. कॉमर्स-आर्ट्‌सची किती गुणी पोरं इथेच अडतात! अर्ज करायच्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र बारकाईनं वाचा. तोवर पदवी घरी राहूनच होईल. आपल्या होळकर कॉलेजात बीएस्सी करा, किंवा विद्यापीठाच्या पत्रकारिता आणि जनसंचार विभागात चौकशी करा. खाजगी संस्थांचे तीन महिन्यांचे ‘साउंड इंजिनिअर’ कोर्स सध्या नकोत.

दुसऱ्या ड्रॉपचं एका ओळीत: जेईई अ‍ॅडव्हान्स्डला (आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला) बारावीचं वर्ष आणि त्याच्या पुढचं, अशी लागोपाठची दोनच वर्षं बसता येतं, ती त्याची झाली, म्हणजे कोचिंगचे लाखभर रुपये भरूनही आयआयटीचं दार उघडणार नाही, फक्त जेईई मेन, म्हणजे इतर इंजिनिअरिंग कॉलेजांसाठीची परीक्षा, उरते. हे तुम्हाला कोचिंगवाल्यांनी सांगायला हवं होतं. पैसे अजून भरले नसतील तर भरू नका.

मुलाला माझा निरोप द्या. त्याच्या व्हिडिओत दोन चुका आहेत. पार्श्वसंगीत शब्दांवर चढतं, ते निम्म्यावर आण. आणि दोन वाक्यांच्या मध्ये आवाज एकदम शून्य होतो, तिथे कान दचकतो. बोलायला सुरुवात करण्याआधी अर्धा मिनिट काहीही न बोलता कपाटातली शांतता रेकॉर्ड कर आणि त्या मोकळ्या जागांखाली ती पसर. पुढचा व्हिडिओ झाला की मला पाठव.