रिमोटमध्ये लिपो टाकायच्या आधी एकदा मीटर लावा

छंदाच्या रिमोट-गाडीचा आठ पेन्सिल सेलचा पिस्तुलाच्या आकाराचा रिमोट, दोन रविवार झाले की सेल उतरल्याचा अलार्म वाजायला लागतो, आणि म्हणून आता गाडीत असतो तसाच थ्री-एस लिपो (तीन सेल एकापुढे एक जोडलेला लिथियम-पॉलिमर बॅटरी पॅक) रिमोटमध्येही टाकायचा तुमचा विचार आहे. "कुठला पॅक घेऊ" एवढंच तुम्ही विचारलंय. पण २०१६ साली मी अगदी याच जागी होतो, त्यामुळे जरा लांबलचक उत्तर देतोय.

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला नाही. विमा कार्यालयात नोकरी करतो, गाड्या हा छंद. माझे आकडे माझ्या रिमोटचे आहेत. तुमच्या रिमोटचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

व्होल्टेजचा हिशेब तुम्ही बरोबर मांडलाय. दीड व्होल्टचे आठ अल्कलाइन म्हणजे १२, थ्री-एस पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६, म्हणजे रिमोटला चालायला हरकत नाही. मीही एवढाच हिशेब केला होता, आणि तो चुकलाही नव्हता. नुकसान झालं ते वायरीमुळे.

माझ्या रिमोटच्या सेल-ट्रेमधून दोन बारीक वायरी निघून आत एका छोट्या प्लगला जायच्या. दोन्ही काळ्या. एकीवर पांढरी रेघ. नव्या पॅकचा प्लग तिथे बसत नव्हता, म्हणून ट्रेचा प्लग कापून पॅकला सोल्डर करायचा असं ठरवलं. आता रेघवाली वायर प्लस की मायनस? रिमोट-गाड्यांच्या आधी मी जुने रेडिओ उघडून बघायचो. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर रेघ असते ती मायनसची, हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून रेघ म्हणजे मायनस असं धरून चाललो. पण अशा जोडवायरींवर बहुतेक वेळा रेघ प्लसची असते! आणि 'बहुतेक वेळा' म्हणतोय तेही लक्षात ठेवा. नियम म्हणून त्यावर विसंबायचं नाही. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, त्याच टेबलाच्या खणात होता. ट्रेमध्ये सेल घालून दोन टोकांना मीटर लावला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

पॅक जोडला, स्विच दाबला. 'टक्' असा बारीक आवाज आला आणि मागच्या झाकणाच्या फटीतून जळक्या प्लास्टिकचा वास. स्क्रीन एकदाही उजळली नाही. पॅक ओढून काढला तेव्हा वायरीचं कव्हर बोटाला चिकटत होतं.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच पेन्सिल सेल आणि लिपो यांच्यात फरक पडतो. ट्रेमध्ये आठातला एखादा सेल उलटा बसला तर व्होल्टेज कमी होतं, रिमोट नीट चालत नाही, तुम्ही सेल सरळ करता, संपलं. सगळेच उलटे बसले तरी पेन्सिल सेल करंट देऊन देऊन किती देणार? माझ्या पॅकवर २२०० एमएएच (किती चार्ज मावतो), २५ सी (त्याच्या किती पट करंट देऊ शकतो) असं छापलेलं होतं. म्हणजे लेबलाप्रमाणे २.२ च्या पंचवीस पट, ५५ अँपिअर. बोर्डावर उलट्या जोडणीपासून वाचवायला एक छोटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) होता, तो पेन्सिल सेलच्या बेतानेच बसवलेला. तो उडाला, त्यामागचा तांब्याचा ट्रॅक केसाच्या जाडीचा, तोही वितळला, आणि तोपर्यंत उलटा करंट पुढे पोचला होता.

त्यानंतरचे सात आठवडे मला अजूनही सलतात. रिमोट सर्व्हिस सेंटरला कुरिअर केला. नाव लिहीत नाही, कारण नाव घेऊन भांडायला मी इथे आलो नाही. तपासणीचे पैसे आगाऊ घेतले. फोन केला की "टेक्निशियन बघतोय". सातव्या आठवड्यात रिमोट परत आला, सोबत एक चिठ्ठी : दुरुस्तीयोग्य नाही. पाठवताना मागच्या सहाही स्क्रूंवर मी मार्करने आडवी रेघ मारली होती, अर्धी स्क्रूवर, अर्धी प्लास्टिकवर. सहाही रेघा जशाच्या तशा जुळत होत्या. रिमोट कुणी उघडलाच नव्हता! पैसे गेले याचं एवढं वाटलं नाही. पण उघडून न बघताच 'होत नाही' लिहून देणं याचा राग आजही जात नाही. चूक माझी होती हे मी त्यांना पत्रात आधीच लिहिलं होतं, वॉरंटी मागितलीच नव्हती.

शेवटी आमच्या गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी तो माझ्यासमोर उघडला. वितळलेल्या ट्रॅकवर वायरीचा तुकडा जोडला, रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बदलला, दीडशे रुपये घेतले. स्क्रीन लागली. पण सिग्नल पाठवणारा भाग गेला होता, गाडी दहा पावलांवरच थांबायची. नवा रिमोट साडेतीन हजारांचा पडला, आणि तीन गाड्यांची सेटिंग्ज परत पहिल्यापासून जुळवावी लागली.

नव्या रिमोटमध्ये मी पुन्हा लिपोच टाकला, या वेळी मीटर लावून. प्लस-मायनस बरोबर होतं, पण आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. रिमोटचा अलार्म साडेआठ व्होल्टला वाजतो. आठ चार्जेबल सेलसाठी ते ठीक आहे, प्रत्येकी एक व्होल्टच्या थोडं वर. थ्री-एस लिपोसाठी साडेआठ म्हणजे सेलमागे २.८३, आणि लिपो तीनच्या खाली गेला की खराब व्हायला लागतो. म्हणजे अलार्म वाजेपर्यंत पॅकचं नुकसान होऊन गेलेलं असतं. दोन महिन्यांत माझा पॅक उशीसारखा फुगला. तुमच्या रिमोटमध्ये अलार्मचं व्होल्टेज बदलून साडेदहावर नेता येत असेल तरच लिपोचा विचार करा. येत नसेल तर विषय तिथेच संपला.

आता माझं मत, आणि ते मत म्हणूनच घ्या : गाडीच्या रिमोटला लिपोची गरजच नाही. मी मीटर मध्ये घालून मोजलं तेव्हा माझा रिमोट दीडशे मिलिअँपिअर खात होता. दोन हजार एमएएचचे सेल असतील तर हिशेबाने तेरा तास. रविवारी आपण मैदानावर दोन-तीन तास असतो. वजनाचं म्हणाल तर आठ चार्जेबल सेल सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, माझा पॅक एकशे ऐंशीचा. हातात फरकही कळत नाही. गाडीत लिपो हवा, कारण मोटर करंट ओढते. रिमोट ओढत नाही.

तुमचे सेल दोन रविवारांत संपतात, कारण बहुधा ते किराणा दुकानातले साधे झिंक-कार्बन सेल आहेत. ते घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला ठीक. त्याऐवजी कमी सेल्फ-डिस्चार्जचे (नुसते ठेवले तरी फारसे न उतरणारे) निकेल मेटल हायड्राइडचे चार्जेबल सेल घ्या. सान्योने २००५ मध्ये एनलूप नावाचे असे सेल आणले, आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात. पांढरे घ्या, काळे नकोत. काळ्यांत एमएएच जास्त, पण चार्जिंगची आवर्तनं बरीच कमी : कंपनीच्याच दाव्याप्रमाणे पांढरे २१००, काळे ५००. जुन्या पद्धतीचे साधे चार्जेबल सेल कपाटात महिनाभर ठेवले की आपोआप उतरलेले असायचे, तसं यांचं होत नाही. मे महिन्यात गाडी बंद ठेवून जूनमध्ये काढली तरी रिमोट चालू होतो.

आठही एकदम घ्या आणि एकत्रच वापरा. त्यातला एखादा घरातल्या घड्याळात गेला आणि वेगळा आणून बसवला की सगळा संच त्या सर्वात दुबळ्या सेलच्या वेगाने चालतो, आणि तो सेल आधी रिकामा होऊन उलट्या दिशेने ढकलला जातो. मी प्रत्येक सेलवर मार्करने महिना आणि वर्ष लिहितो. चार्जर प्रत्येक सेलला वेगळा बघणारा हवा. दोन-दोनच्या जोडीत चार्ज करणाऱ्या स्वस्त चार्जरने माझे दोन सेल वर्षभरात गेले. सेलवर थोडे जास्त खर्च करायची तयारी असेल तर ते जास्तीचे पैसे चार्जरवर घाला.

१४५०० नावाचे लिथियमचे सेल मापाने पेन्सिल सेलएवढेच असतात, पण एकेक ३.७ व्होल्टचा. आठ बसवले की जवळपास तीस व्होल्ट. आकार जुळतो म्हणून टाकू नका, कुणी टाकतो म्हणाला तर त्याचा हात धरा.

रिमोटला चार्जिंगची पिन असेल तर तिचा वापर फक्त आत चार्जेबल सेल असताना. आत अल्कलाइन असताना किंवा लिपो असताना तिथे काहीही लावायचं नाही. मी तर त्या पिनवर सेलोटेप लावून टाकलीय, घरात लहान पुतण्या आहे.

ट्रेच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर दिसत असेल तर नवे सेल घेण्याआधी तो साफ करा. अल्कलाइन गळला असेल तर कापसावर थोडं व्हिनेगर, मग कोरड्या कपड्याने नीट पुसून घ्या. पावसाळ्यानंतर हे हटकून बघावं लागतं.

आणि सेल कुठलेही असोत, गाडीचा फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडी आपोआप थांबवणारी सोय) लावलाय का बघा. चाकं जमिनीपासून वर उचलून धरा, थोडा थ्रॉटल द्या आणि रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. फिरत राहिली तर गाडीतल्या रिसीव्हरचं (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाचं) मॅन्युअल काढून थ्रॉटल न्यूट्रलवर सेट करा आणि तोवर गाडी मैदानावर नेऊ नका, तिथे पोरं पळत असतात.

तुमच्या ट्रेच्या वायरींचा जवळून फोटो टाका. मीटर नसेल तर साधा दोन-तीनशे रुपयांचाही पुरतो.