वाचकांचे प्रश्न : उन्हाळा संपला, आता माझं गाव कोणतं?

प्रश्न : ताई, मी मूळची वर्ध्याची. मिस्टरांच्या नोकरीमुळे सांगलीला आलो, विश्रामबागला राहतो, मुलगी इथल्याच शाळेत जाते. दर मे महिन्यात मी माहेरी जाते, यंदाही गेली. तिकडे पारा ४५ च्या वर, दिवसभर कूलरपुढे बसायचं, त्याची सवय लहानपणापासूनची आहे, पण यावेळी आठवडाभरातच इकडची ओढ लागली, कुंड्यांना पाणी कोण घालत असेल, वळीव झाला का, हेच डोक्यात. निघायच्या आधी शेजारच्या काकूंबरोबर डंकावर जाऊन वर्षाची चटणी कुटून घेतली होती, ती बरणीत नीट भरून झाली नव्हती त्याची पण काळजी. येताना महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कराड सोडलं तर बाहेर नुकताच पाऊस होऊन गेलेला, ऊस हिरवागार, आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. पण निघताना आईला बोलता बोलता म्हणून गेली की आता घरी जायला पाहिजे, तर ती म्हणे, "मग हे कोणाचं घर आहे?" ते मनाला लागून राहिलं. आणि इथे अजून कोणी नवीन भेटलं की पहिला प्रश्न हाच, तुम्ही मूळच्या कुठल्या. तिकडची राहिली नाही, इकडची झाली नाही, असं वाटून राहिलं. माझं काही चुकतं का? आणि इथलीच होऊन राहायचं तर अजून काय करायचं?

उत्तर : आधी ते "मूळच्या कुठल्या"चं बघू, ते तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंय. सांगलीत हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात हो. जतवाल्याला विचारतात, शिराळ्याच्या माणसाला विचारतात, आणि ज्याच्या तीन पिढ्या गावभागात गेल्या तो सुद्धा तासगावकडचं एखादं खेडं सांगतो जिथं त्याची आता गुंठाभर जमीन पण नसते. विचारणाऱ्याला तुम्हाला परकं ठरवायचं नसतं, ओळख कुठं जुळते ते बघायचं असतं, "वर्धा का, आमच्या साडूंचे भाऊ होते तिकडं रेल्वेत" असं काहीतरी निघालं की तो खूश, आणि मग चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. बिनधास्त वर्धा सांगा. पाच वर्षांनी पण वर्धाच सांगा.

आणि तुम्हाला वाटतंय तसं दोन्हीकडं जीव असणारं माणूस या जिल्ह्याला नवीन नाही. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे लोक, पार तमिळनाडू, केरळ, पंजाबपर्यंत गेलेत. तिकडंच दुकान, तिकडंच पोरांची शाळा, पोरं तिकडची भाषा आपल्यापेक्षा चांगली बोलतात. मे महिन्यात लग्नं आणि यात्रांना सगळे गावाकडं येतात, बंद घरांची कुलपं निघतात, आणि शाळा सुरू व्हायच्या बेताला परत गाड्या भरतात. त्या पोरांपैकी एखादं आजीसमोर बोलून जातंच की घरी कधी जायचं, आणि आजीचा चेहरा उतरतो. तुमच्या आईचं दुखणं आणि त्या आजीचं दुखणं एकच आहे. तुम्हाला सांगली आवडते याचं त्यांना वाईट नाही वाटलेलं, तुमचा रोजचा दिवस कसा जातो तो आपल्याला माहीतच नाही याचं वाईट वाटलंय.

म्हणून फोन करून खुलासे देत बसू नका, त्यानं ते वाढेलच. आईला इकडं बोलवा, आणि दिवाळीची वाट न बघता आत्ता जूनमध्ये. दरवेळी तुम्हीच जाता, त्यांच्या डोळ्यापुढं सांगली म्हणजे नुसतं लेक जिथं निघून जाते ते स्टेशन. मृग लागला की इथली हवा दोन-चार दिवसांत बदलते, वर्ध्याकडं पाऊस पोचायला अजून आठवडाभर तरी असतो, तेवढे दिवस त्यांची उकाड्यातनं सुटका होईल हे निमित्त पुरतं. आल्या की त्यांना हरिपूरला न्या, कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराचं दर्शन घ्या, तिथल्या हळदीच्या पेवांची गोष्ट सांगा, जमिनीत खोल खणलेली ती पेवं, हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या पुरात त्यातली बरीचशी गेली. पण फिरवण्यापेक्षा त्यांना तुमच्या स्वयंपाकघरात बसू द्या. ती चटणीची बरणी त्यांच्यापुढं उघडा. बेडगी किती घेतली, संकेश्वरी किती, कांदा उभा चिरून वाळवून तेलात कसा तळला, खोबरं, तीळ, धणे, लसूण कधी घातलं, डंकावर नंबर लागेपर्यंत काकूंबरोबर किती वेळ बसलात, सगळं सांगा. त्या नक्की म्हणतील यात आमच्यासारखं अमुक घालायला हवं होतं. घाला. पुढच्या वर्षी त्यांच्या हातचं प्रमाण घालून थोडी वेगळी कुटून घ्या आणि निम्मी त्यांच्याबरोबर द्या.

आता अजून काय करायचं ते. एकच सांगते पण ते पाऊस जोर धरायच्या आत करा.

तुमच्याकडं उन्हाळा संपला म्हणजे जीव सुटला, सगळे आभाळाकडं बघतात. इथं उन्हाळा संपला की माणसाचं निम्मं लक्ष नदीकडं जातं, आणि बाहेरून आलेल्याला हे पटकन कळत नाही कारण सांगलीत पाऊस किती पडला यावर पूर ठरतच नाही. महाबळेश्वरला, कोयनेला, वारणेच्या पाणलोटात किती कोसळला आणि धरणातनं किती सोडलं यावर सगळं असतं, त्यामुळं इथं चक्क ऊन पडलेलं असतं, दोरीवर कपडे वाळत असतात आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी चढत असतं. जुलै लागू द्या, रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच, १०५ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) कोयना धरणात आज किती झालं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातनं विसर्ग किती, आयर्विनला किती फूट. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं, आणि ज्यांनी तो आठवडा काढलाय त्यांना अजून रात्री जोराचा पाऊस लागला की झोप लागत नाही. दोन वर्षांनी, २०२१ ला, परत पाणी आलंच.

तुम्ही विश्रामबागला राहता. तो भाग उंचावर आहे, पुराचं पाणी सहसा तिथं पोचत नाही. म्हणजे उद्या वेळ आली तर तुमचं दार उघडं राहू शकतं. तुमच्या ओळखीत गावभागातलं, खणभागातलं, शामरावनगरातलं कोणीतरी असणारच, मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणीचं घर असेल, कामाला येणाऱ्या मावशी असतील, ऑफिसमधला शिपाई असेल. त्यांना आत्ताच सांगून ठेवा की पाणी वाढायला लागलं तर आमच्याकडं या, रात्री-बेरात्री कधीही या. आणि नुसतं तोंडानं सांगून थांबू नका. पुरात भांडी-कपडे परत घेता येतात, कागदांचे हाल फार वाईट होतात, रेशनकार्ड, दहावीचं मार्कशीट, जमिनीचे उतारे, दवाखान्याच्या फायली, सगळा लगदा होऊन जातो. त्यांना म्हणा एका घट्ट झाकणाच्या डब्यात सगळं भरून पावसाळाभर आमच्या कपाटात ठेवा. एवढ्या विश्वासानं कोणी तुमच्या घरी डबा आणून ठेवला ना, की मग तुम्ही मूळच्या कुठल्या हे त्या घरात कोणी परत विचारणार नाही. माझं तर ठाम मत आहे, नव्या गावात बरेच जण वर्षानुवर्षं पाहुण्यासारखे राहतात कारण ते फक्त दुसऱ्यांकडं जातात, त्यांच्याकडं अडचणीत कोणी येत नाही. तुम्ही काकूंबरोबर डंकावर बसलात तिथं अर्धं काम झालंय, उरलेलं हे.

मुलीसाठी पण एक गोष्ट. आमच्याकडं बैलांचा सण पोळ्याला नसतो, बेंदूर असतो, आणि तो पण दोन, ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर आणि आषाढात महाराष्ट्रीय. तिला जवळच्या एखाद्या खेड्यात घेऊन जा, रंगवलेली शिंगं, झुली, पुरणपोळी सगळं बघू द्या. पण मग श्रावण संपताना पोळा आला की सोसायटीतल्या पोरांना गोळा करून तुमच्याकडचा तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल घेऊन पोरांचा पोळा, तुम्हीच घाला. लाकडी बैल इथं सहज मिळणार नाहीत, आई येणारच आहेत तर येतानाच मागवून घ्या. इथल्या पोरांनी ते कधी बघितलेलं नसतं, फार आवडेल त्यांना.

प्रश्न : नोकरीसाठी नांदेडहून सांगलीत आलोय. नदीच्या बाजूला तळमजल्याचं घर स्वस्तात मिळतंय, मालक म्हणतात इथं पाणी येत नाही. घेऊ का?

उत्तर : मालकाला विचारू नका, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा. आयर्विनला किती फूट झालं की आपल्या गल्लीत पाणी शिरतं हे जुन्या लोकांना तोंडपाठ असतं, त्यांनी आकडा सांगितला तर तो लिहून ठेवा. भिंतींकडं पण नीट बघा, खालचा तीन-चार फुटांचा रंग वेगळा असेल, लाइटचं मीटर आणि स्विचबोर्ड मुद्दाम वर नेलेले असतील तर समजून जा. त्याच भागात वरचा मजला मिळत असेल तर भाडं थोडं जास्त देऊन तो घ्या. तळमजलाच घ्यायचा झाला तर फ्रिज, वॉशिंग मशीन पावसाळा संपल्यावर आणा, गाडी उंचावर कुठं लावायची ते आत्ताच ठरवा, आणि पाणी सोडणार म्हणून सूचना आली की शेजारी निघतील तेव्हाच निघा, अजून एक रात्र बघू असं करू नका.

प्रश्न : बदली होऊन साताऱ्यात आलेय, एकटीच आहे, कोणाची ओळख नाही. सुट्टीत कासची फुलं बघायला जाईन म्हणते, जूनमध्ये चालेल का?

उत्तर : जूनमध्ये कासला फुलं नसतात. बहर साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तेव्हा जा आणि शनिवार-रविवार टाळा. आत्ता सकाळी उठून अजिंक्यताऱ्यावर चालायला जा, रोज तीच तीच माणसं भेटतात, आठवड्याभरात बोलायला लागतात. आणि माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात आली की सुट्टी काढून लोणंदला जा, पुढं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं. नुसतं बघायला जाऊ नका, ऑफिसमधल्या कोणाचं तरी गाव त्या वाटेवर असेलच, फलटणपर्यंत घरोघरी वारकऱ्यांसाठी भाकरी आणि पिठलं चाललेलं असतं, त्यांना म्हणा मी पण येते भाकरी थापायला. कोणी नाही म्हणणार नाही.